एकच मूल, दोन डोळे, दोन निकाल: जन्मजात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरची नजर

मुलगी आली तेव्हा तिला तीन वर्षे पूर्ण व्हायला थोडे दिवस बाकी होते. दोन्ही डोळ्यांत जन्मजात मोतीबिंदू होता. दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया एकाच शल्यचिकित्सकाने, एकाच पद्धतीने केली. कृत्रिम भिंगही एकाच प्रकारचे बसवले आणि दोन्ही वेळा सगळे निर्विघ्न पार पडले. आज ती सात वर्षांची आहे. चष्मा लावून उजव्या डोळ्याने ती तक्त्यावरची ६/९ ची ओळ वाचते, म्हणजे निरोगी डोळ्याला नऊ मीटरवरून वाचता येते ते तिला सहा मीटरवरून वाचता येते. डाव्या डोळ्याने ६/२४ च्या खाली तिला उतरता येत नाही.

मुलांच्या मोतीबिंदूच्या निकालांची तुलना करणे अवघड असते. प्रत्येक मूल वेगळे, घर वेगळे, डॉक्टर वेगळे, चष्मा आणि पट्टी (चांगला डोळा झाकून कमजोर डोळ्याला कामाला लावणारी) यांबाबतची चिकाटी वेगळी. त्यामुळे एका मुलाला चांगले दिसू लागले आणि दुसऱ्याला नाही, याचे श्रेय किंवा दोष कशाला द्यायचा हे ठरत नाही. इथे मात्र या सगळ्या गोष्टी दोन्ही डोळ्यांना सारख्याच मिळाल्या. फरक उरला तो प्रत्येक डोळ्याच्या शस्त्रक्रियेआधीच्या इतिहासात. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे. मुलीची ओळख पटेल असा कोणताही तपशील यात ठेवलेला नाही.

तक्रार नजरेची नव्हती

पालक आले होते ते तिरळेपणासाठी. डावा डोळा आत वळतो, दुपारनंतर जास्त वळतो, एवढीच तक्रार. मुलीला कमी दिसते असे कोणालाच वाटले नव्हते, आणि तसे वाटण्याचे कारणही नव्हते. ती धावत होती, जमिनीवर पडलेला बारीक मणी उचलत होती, चित्रांच्या पुस्तकातले प्राणी ओळखत होती. एक डोळा कामापुरता चालत असेल तर मूल त्याच्या जोरावर सगळे निभावून नेते. दुसरा डोळा काम करत नाही हे त्याला स्वतःलाही कळत नाही, कारण दोन डोळ्यांनी पाहणे म्हणजे काय हे त्याने कधी अनुभवलेलेच नसते. उशीर का केला असे पालकांना विचारण्यापूर्वी एवढे लक्षात घ्यायला हवे.

पहिल्या तपासणीत सर्वात जास्त सांगून गेली ती अगदी साधी गोष्ट. डाव्या डोळ्यावर हात ठेवला तर मुलगी खेळत राहिली. उजवा झाकताच ती थबकली, हात ढकलू लागली आणि मग रडायला लागली. ज्या डोळ्याला दिसते तो झाकलेला मुलाला खपत नाही. ही चाचणी कोणत्याही घरात, कोणत्याही उपकरणाशिवाय करता येते.

ऑफ्थॅल्मोस्कोपच्या (डोळ्यात उजेड टाकून आत पाहायच्या उपकरणाच्या) उजेडात उजव्या बाहुलीत मधोमध करडी चकती आणि तिच्याभोवती लाल कडे दिसले. निरोगी डोळ्यात आतून परतणाऱ्या उजेडाने बाहुली लाल झळकते. डाव्या बाहुलीत ही लाल झाक जवळजवळ नव्हतीच. थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्यावर चित्र स्पष्ट झाले. उजवीकडे लॅमेलर प्रकारचा मोतीबिंदू होता. यात भिंगाचा एक थर गढूळ होतो, पण त्याच्या कडेने आणि काही प्रमाणात त्यातूनही प्रकाश आत जातो. डावीकडे भिंगाचा गाभाच दाट पांढरा होता आणि ती पांढरी गाठ बाहुलीपेक्षा मोठी होती.

या वयात अक्षरे वाचून घेता येत नाहीत, म्हणून कार्डिफ कार्डे वापरली. कार्डावर वर किंवा खाली फिकट होत जाणारे चित्र असते आणि मुलाची नजर कुठे वळते ते परीक्षकाने पाहायचे असते. उजव्या डोळ्याचे उत्तर साधारण ६/२४ च्या आसपास आले. डावा डोळा विजेरीच्या उजेडाकडे वळत होता, पण खेळण्यावर स्थिरावत नव्हता. डोळ्यांची थरथर, म्हणजे निस्टॅगमस, नव्हती. या न दिसलेल्या लक्षणाला मोठे महत्त्व आहे. दोन्ही डोळ्यांत जन्मापासून दाट मोतीबिंदू असेल तर साधारण दोन-तीन महिन्यांच्या वयात डोळे थरथरू लागतात. ती थरथर एकदा बसली की पुढच्या नजरेवर कायमची मर्यादा येते. इथे ती आली नव्हती, कारण पहिल्या महिन्यांत निदान उजव्या डोळ्यातून तरी मेंदूपर्यंत आकार पोहोचत होते.

डाव्या डोळ्याच्या मागे काय आहे ते डोळ्याने दिसणे शक्य नव्हते, म्हणून सोनोग्राफी केली. दृष्टिपटल जागेवर होते. भिंगापासून मागे जाणारा रक्तवाहिन्यांचा दोर नव्हता. गर्भावस्थेतल्या रक्तवाहिन्या विरून न गेल्यास असा दोर उरतो आणि एका डोळ्याच्या मोतीबिंदूमागे तो बरेचदा सापडतो. डोळ्यांतला दाब आणि कॉर्नियाचा व्यास भुलेखाली मोजला. दोन्ही ठीक होते.

जुने फोटो आणि वडिलांचे डोळे

डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू कधीपासूनचा, यावर पुढचा सगळा अंदाज अवलंबून होता. पालकांना आठवत नव्हते. मग फोनमधले जुने फोटो काढायला सांगितले. बाळ काही आठवड्यांचे असतानाच्या, फ्लॅशने काढलेल्या एका फोटोत उजवी बाहुली लालसर आणि डावी पांढरट दिसत होती. पुढच्या अनेक फोटोंत तेच. डोळे मात्र पहिले वर्षभर सरळ होते. आत वळलेला डोळा दिसू लागला तो वाढदिवसानंतरच्या फोटोंत. म्हणजे मोतीबिंदू आधी होता, नजर मागे पडत गेली आणि तिरळेपणा सर्वात शेवटी आला. पालक ज्या लक्षणासाठी आले ते साखळीतले शेवटचे होते.

आई फोटो पाहून गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "डॉक्टर, हे आम्हाला तेव्हा दिसायला हवं होतं." फोटोतली पांढरी बाहुली काय सांगते हे ठाऊक असल्याशिवाय ती दिसत नाही, असे आम्ही त्यांना सांगितले, आणि ते खरेच आहे. जन्मानंतरच्या पहिल्या तपासणीत अंधाऱ्या खोलीत दोन्ही बाहुल्यांतली लाल झाक पाहून ठेवणे हे वैद्यकीय यंत्रणेचे काम आहे. त्याला एक मिनिटही लागत नाही. या मुलीच्या जन्माच्या कागदांत तशी नोंद नव्हती.

मग आई-वडिलांना स्लिट-लॅम्पसमोर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकासमोर, बसवले. वडिलांच्या दोन्ही भिंगांत बारीक ठिपके आणि एक पुसट कडे निघाले. त्यांची नजर ६/६, त्यामुळे त्यांना आयुष्यात कधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावेच लागले नव्हते. वंशपरंपरेने येणाऱ्या मोतीबिंदूत हे पाहायला मिळते. पालकांपैकी एकाकडून तो येतो, प्रत्येक अपत्याला येण्याची शक्यता निम्मी असते, आणि एकाच घरात कोणाला नुसते ठिपके तर कोणाला पांढरी बाहुली असा टोकाचा फरक असतो. या मुलीत तर तो फरक दोन डोळ्यांमध्येच होता. वडिलांच्या तपासणीने कारण सापडले आणि मुलीच्या बऱ्याच रक्तचाचण्या वाचल्या. कारण सापडत नसेल तेव्हा मात्र गॅलॅक्टोसेमियासारखे चयापचयाचे आजार आणि गरोदरपणातला रुबेला (जर्मन गोवर) विसरून चालत नाही. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी बाळांचा मोतीबिंदू आणि आईला गरोदरपणात झालेला रुबेला यांचा संबंध दाखवला. तो मोतीबिंदू आज लसीने टाळता येतो.

डाव्या डोळ्याने काय गमावले होते

मोठ्या माणसाचा मोतीबिंदू काढला की नजर परत येते, कारण मेंदू पाहायला आधीच शिकलेला असतो. बाळाचा मेंदू ते शिकत असतो. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टेन वीझल यांनी १९६० च्या दशकात मांजरीच्या पिल्लांवर प्रयोग केले. पिल्लाची एक पापणी पहिल्या महिन्यांत शिवून ठेवली आणि नंतर उघडली, तर डोळा निरोगी असूनही मेंदूतल्या दृष्टीच्या पेशी त्याला प्रतिसाद देईनाशा झाल्या. त्यांची जागा उघड्या डोळ्याने घेतली होती. मोठ्या मांजरीत तसे काही घडले नाही. या कामाबद्दल दोघांना १९८१ चे नोबेल मिळाले. बालनेत्रशास्त्राने मुलांचा मोतीबिंदू लवकर काढण्याची घाई सुरू केली त्यामागे हे काम आहे.

या प्रयोगांतला स्पर्धेचा भाग आमच्या मुलीला तंतोतंत लागू होतो. दोन्ही डोळे सारखेच झाकले गेले तर दोघांचेही नुकसान होते, पण एक डोळा दुसऱ्याला हुसकावत नाही. एकच झाकला गेला तर उघडा डोळा मेंदूतली जागा बळकावतो. म्हणून एका डोळ्याच्या दाट मोतीबिंदूसाठी वेळ कमी मिळतो. बाळ साधारण सहा आठवड्यांचे होईपर्यंत तो काढलेला बरा. दोन्ही डोळ्यांत दाट मोतीबिंदू असेल तर आठ ते दहा आठवड्यांपर्यंत थोडी सवलत असते. चार आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया केल्यास पुढे काचबिंदूचा धोका वाढतो, त्यामुळे अगदी पहिल्या दिवसांतही कोणी घाई करत नाही. कागदावर या मुलीला दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू होता. मेंदूच्या दृष्टीने मात्र तो जवळजवळ एकाच डोळ्याचा होता, आणि ती आली तेव्हा ती मुदत टळून अडीच वर्षांहून जास्त काळ लोटला होता.

निर्णय

पहिला प्रश्न असा की डाव्या डोळ्याला हात लावावा का? इतक्या उशिरा नजर फारशी येणार नाही आणि भूल, शस्त्रक्रिया, वर्षानुवर्षे पट्टी हा भार मुलीवर पडेल, असे मत आमच्याच चर्चेत मांडले गेले. ते अविचाराचे नव्हते. तरीही आम्ही शस्त्रक्रियेच्या बाजूने गेलो. तीन वर्षांच्या मेंदूत लवचीकपणा शिल्लक असतो. शिवाय उजवा डोळाही निर्दोष नव्हता, त्यामुळे डावा डोळा राखीव म्हणून जितका सुधारेल तितका मोलाचा. खूप उशिरा, अगदी मोठ्या वयाच्या मुलांत, जन्मजात मोतीबिंदू काढल्यावरही दृष्टीत उपयोगी सुधारणा होते, हे पवन सिन्हा यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश'मधून दिसले आहे. तीक्ष्णता अपुरी राहते, पण चेहरे, वस्तू, हालचाल ओळखणे सुधारत जाते. तेव्हा "आता उपयोग नाही" हे वाक्य फार जपून वापरावे असे माझे मत आहे.

दुसरा प्रश्न उजव्या डोळ्याचा. ६/२४ नजरेच्या मुलाचे घरात निभते, शाळेत निभत नाही. पण स्वतःचे भिंग काढले की जवळ-दूर नजर आपोआप जुळवण्याची क्षमता त्या डोळ्यातून कायमची जाते. लॅमेलर मोतीबिंदू पुसट असेल तर वाट पाहणे शहाणपणाचे ठरते. इथली चकती मात्र दाट होती आणि उजेडात बाहुली आकसली की मुलगी डोळे बारीक करून डोके खाली घालत होती. हाही डोळा करायचा हे ठरले.

मग क्रम. आई-वडिलांना वाटत होते की चांगला डोळा आधी करावा, म्हणजे मुलीला लगेच नीट दिसेल. आम्ही उलट सुचवले. उजवा आधी स्वच्छ केला असता तर दोन डोळ्यांमधली दरी रुंदावली असती आणि डावा आणखी मागे लोटला गेला असता. डावा आधी केला तर उजव्याचा मोतीबिंदू असेपर्यंत स्पर्धा थोडी तरी सौम्य राहते. वडिलांनी विचारले, "म्हणजे तिला आणखी दोन महिने कमीच दिसू द्यायचं?" प्रश्न रास्त होता आणि उत्तर "हो" असेच होते. त्यामागचे कारण कागदावर चित्र काढून समजावले तेव्हा त्यांना ते पटले.

भिंगाचा नंबर ठरवणे हे मुलांच्या बाबतीत वेगळेच गणित आहे. जन्मतः डोळ्याची लांबी साधारण १७ मिलिमीटर असते, प्रौढ वयात २३ ते २४. डोळा वाढतो, आत बसवलेले भिंग तेच राहते. आज अचूक नंबर बसवला तर वाढत्या वयात मुलाला मोठा मायनस नंबर लागतो. म्हणून मुद्दाम प्लस नंबर शिल्लक ठेवतात. वय आणि शिल्लक ठेवायचा नंबर यांची बेरीज सात यावी, असा एक प्रचलित ठोकताळा आहे. त्यानुसार तीन वर्षांच्या मुलासाठी +४. उजव्या डोळ्यासाठी आम्ही तोच धरला. डाव्यासाठी +३ ठेवले. मंद म्हणजे आळशी डोळ्याला (मेंदू ज्याच्याकडे दुर्लक्ष करतो त्याला) चष्मा काढल्यावर धूसर दिसू लागले तर त्याचे नुकसान दुप्पट होते, आणि तीन वर्षांचे मूल चष्मा काढणारच. पुढे थोडा मायनस आला तरी तो परवडेल असा विचार होता.

शस्त्रक्रिया

पूर्ण भूल. लहान छेदांतून भिंगाच्या आवरणाला पुढून गोल खिडकी, मऊ भिंग शोषून बाहेर, आवरणाच्या पिशवीत कृत्रिम भिंग. मग मागच्या आवरणालाही गोल खिडकी आणि त्यामागचा थोडा जेलीसारखा द्रव काढणे. मोठ्या माणसांत मागचे आवरण जपतात. लहान मुलांत ते जसेच्या तसे ठेवले तर उरलेल्या पेशी वाढून ते जवळजवळ हमखास गढूळ होते आणि पुन्हा आळशी डोळ्याचे संकट उभे राहते. छेद टाक्याने बंद केले, कारण मूल डोळा चोळते. डाव्या डोळ्यानंतर साधारण दोन महिन्यांनी उजवा केला. दोन्ही वेळा सूज थेंबांनी आटोक्यात राहिली.

डाव्या डोळ्याची पट्टी काढली त्या दिवशी बाहुली काळीभोर दिसत होती. नातेवाइकांचे अभिनंदनाचे फोन आले. या टप्प्यावर "ऑपरेशन यशस्वी झाले" असे म्हणून फाइल बंद होण्याचा धोका सर्वात जास्त असतो. त्या दिवशी डावा डोळा प्रकाश उत्तम आत घेत होता आणि मुलीला त्यातून जवळजवळ काहीच कळत नव्हते.

चष्मा आणि पट्टी

जवळ-दूर जुळवून घेण्याची क्षमता गेल्याने बायफोकल चष्मा (वरच्या भागातून दूरचे, खालच्या भागातून जवळचे दाखवणारा) दिला, जवळच्या भागात आणखी +३. मुलांच्या बायफोकलची रेषा बाहुलीच्या मधोमध यावी लागते. मोठ्यांसारखी खाली ठेवली तर मूल वरच्याच भागातून पाहत राहते आणि जवळचा भाग वाया जातो.

उजव्या डोळ्यावर पट्टी रोज सहा तास, असे लिहून दिले. लिहून देणे सोपे असते. चांगला डोळा झाकून मुलाला वाईट डोळ्यावर सोडणे म्हणजे दिवसाचा मोठा भाग त्याला अंधुक जगात ढकलणे. मुलगी पट्टी उपटत होती, चिडत होती, एका जागी बसून राहत होती. पट्टीमुळे घरात होणारी दमछाक ही उपचाराचाच भाग आहे आणि तिच्याबद्दल दवाखान्यात बोलायला वेळ राखून ठेवायला हवा. "रोज लावता ना?" असे विचारले की उत्तर "हो" येते. "काल किती वेळ टिकली? कशाने निघाली?" असे विचारले की खरी गोष्ट कळते. पहिल्या महिन्यांत खरी गोष्ट होती दोन ते तीन तास. आळशी डोळ्यावरच्या एका ब्रिटिश अभ्यासात पट्टीच्या आत वेळ मोजणारे यंत्र बसवले, तेव्हा मुले सांगितलेल्या वेळेच्या जेमतेम निम्मा वेळ पट्टी लावत असल्याचे आढळले. त्याच अभ्यासात तक्त्यावरची एक ओळ कमवायला साधारण १२० तासांची पट्टी लागली. ती मुले मोतीबिंदूची नव्हती आणि मोतीबिंदूमुळे आलेली मंददृष्टी जास्त चिवट असते. तरी त्या आकड्याचा आई-वडिलांना आधार वाटला. तास साठत जातात, आजचे तीन तास फुकट गेले नाहीत, एवढे त्यांना त्यातून कळले.

मग वेळ बदलली. सकाळी उठताच, चष्म्याआधी पट्टी. पट्टी असताना जवळचे आणि आवडीचे काम: रंगवणे, मणी ओवणे, चिकटवही. पट्टी निघाली तर रागावायचे नाही, तासाभराने पुन्हा लावायची. काही महिन्यांत चार-साडेचार तास टिकू लागले.

डाव्या डोळ्याची नजर चित्रांच्या तक्त्यावर पहिल्यांदा मोजता आली ती ६/६०. वर्षभराने ६/३६. उजवा डोळा पहिल्या काही महिन्यांतच ६/१२ वर आला होता. दर भेटीत उजव्याचीही नजर मोजत होतो, कारण जास्त झाकल्याने चांगला डोळाही मागे पडू शकतो. तसे झाले नाही.

ती साडेचार वर्षांची असताना घरात दुसरे बाळ आले आणि काही महिने पट्टी जवळजवळ थांबली. डावा डोळा पुन्हा ६/६० वर गेला. जे कमावले ते पक्के झालेले नसते, हे यात स्पष्ट दिसते. या वयात मेंदू शिकतो तसा विसरतोही. पट्टीची जबाबदारी तेव्हा वडिलांनी घेतली. काही महिन्यांत ६/३६ परत मिळाले, आणि सहाव्या वर्षाच्या सुमारास ६/२४. त्यानंतर पट्टीचे तास बदलूनही ओळ पुढे सरकलेली नाही.

तिरळेपणाची शस्त्रक्रिया साडेपाचव्या वर्षी झाली. डोळे आता पाहणाऱ्याला सरळ वाटतात. दोन्ही डोळ्यांनी मिळून येणारी अंतराची-खोलीची जाणीव चाचणीत सापडत नाही आणि ती येण्याची आशा आम्ही दाखवलेलीही नव्हती.

हा निकाल चांगला म्हणायचा का

यासाठी मोजपट्टी हवी. एका डोळ्याच्या जन्मजात मोतीबिंदूबद्दल सर्वात नीट पाठपुरावा 'इन्फंट अफेकिया ट्रीटमेंट स्टडी'ने केला. त्यात ११४ बाळांची शस्त्रक्रिया एक ते सात महिन्यांच्या वयात झाली. निम्म्यांना डोळ्यात भिंग बसवले, निम्म्यांना कॉन्टॅक्ट लेन्स दिली. साडेदहा वर्षांच्या वयात दोन्ही गटांची मधली नजर जवळजवळ सारखीच, साधारण ६/४५ च्या आसपास होती. सुमारे चौथाई मुलांना ६/१२ किंवा त्याहून चांगले दिसत होते आणि सुमारे ४४ टक्के मुले ६/६० किंवा त्याहून खाली होती. भिंग बसवलेल्या बाळांना डोळ्याच्या आणखी शस्त्रक्रिया जास्त लागल्या. म्हणून सात महिन्यांखालच्या बाळात भिंग बसवण्याची घाई आता बरेच जण टाळतात. आमची मुलगी तीन वर्षांची होती, तिच्यासाठी तो पेच नव्हता.

त्या बाळांवर वेळेत शस्त्रक्रिया झाली, कडक देखरेख होती, तरी निम्म्याच्या आसपास मुलांची नजर फार कमी राहिली. त्या पार्श्वभूमीवर उशिरा हाती आलेल्या डोळ्याला ६/२४ मिळणे हे कमी नाही. आमच्या डोळ्यात कदाचित मोतीबिंदू जन्मतः थोडा विरळ असून नंतर दाट झाला असेल. फोटोतली पांढरट झाक घनता सांगत नाही. आणि त्याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली जी पालकांना सांगायलाच हवी. पट्टीच्या तासांचा निकालाशी संबंध आहे, पण मुलामुलांमधला बराचसा फरक त्या तासांतून उलगडत नाही. निकाल कमी आला तर त्याचे खापर आईवर फोडण्याला शास्त्राचा आधार नाही. ही गोष्ट आम्ही या आईला एकदा सांगून थांबलो नाही.

उजव्या डोळ्याचे ६/९ हे लॅमेलर मोतीबिंदूचे देणे आहे. गढूळ चकतीभोवतीच्या स्वच्छ कड्यातून, विशेषतः मंद उजेडात बाहुली मोठी झाल्यावर, तीन वर्षे आकार आत जात राहिले. तेवढ्यावर मेंदूने पाहणे शिकून घेतले. शस्त्रक्रियेने त्या शिकलेल्या मेंदूला स्वच्छ चित्र दिले. डाव्या बाजूला स्वच्छ चित्र तितकेच मिळाले, ते वाचणारा मात्र तयार झालेला नव्हता.

तक्त्याचा आकडा सगळे सांगत नाही, म्हणून आम्ही इतरही विचारतो. ती वर्गात पुढच्या बाकावरून फळा वाचते. फिकट छपाई आणि कडक ऊन तिला त्रास देतात. टोपी आणि ठळक छपाईची पाने यांनी बरेच भागते. झेललेला चेंडू हातातून निसटतो, पायऱ्या उतरताना शेवटची पायरी ती पायाने चाचपते. डाव्या डोळ्याचा उपयोग तिला डाव्या बाजूचे जास्त दिसण्यात होतो. पट्टी असताना ती मोठ्या अक्षरांची गोष्ट डाव्या डोळ्याने एकटी वाचते, हे तिच्या शिक्षिकेने कळवले.

सध्याची स्थिती आणि पुढची आखणी

उजव्या डोळ्याचा नंबर +४ वरून +१.५ वर आला आहे, डाव्याचा +३ वरून शून्याजवळ. डोळे अपेक्षेप्रमाणे वाढले. दोन्ही डोळ्यांतला दाब ठीक आहे, पण मुलांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काचबिंदू कित्येक वर्षांनीही येतो. वर उल्लेखलेल्या अभ्यासात दहा वर्षांत सुमारे २२ टक्के मुलांना तो झाला. ती बाळे फार लहान वयात शस्त्रक्रिया झालेली होती आणि या मुलीचा धोका त्यांच्याहून कमी धरता येतो. तरी दर सहा महिन्यांनी दाब आणि दृष्टिमज्जा तपासणे चालूच राहील, आणि मोठेपणीही वर्षाला एकदा तरी ते करावे लागेल. हे आता मुलीलाही सांगायला सुरुवात केली आहे, कारण काही वर्षांनी तारखा तिनेच सांभाळायच्या आहेत.

धाकट्या भावाची लाल झाक जन्मानंतर पहिल्याच आठवड्यात पाहिली. बाहुल्या मोठ्या करून तपासल्यावर दोन्ही भिंगांत वडिलांसारखे बारीक ठिपके दिसले. मध्यभाग स्वच्छ आहे, शस्त्रक्रियेची गरज नाही. हे ठिपके वाढू शकतात, म्हणून त्याचीही ठराविक अंतराने तपासणी होते.

पट्टी आता रोज दोन तासांवर आणली आहे. नजर टिकली तर ती हळूहळू कमी करत थांबवायची, आणि थांबवल्यानंतरचे वर्षभर नजर घसरत नाही ना हे पाहत राहायचे. चष्म्याच्या काचा पॉलिकार्बोनेटच्या (सहज न फुटणाऱ्या प्लास्टिकच्या) दिल्या आहेत आणि नंबर शून्य झाला तरी चष्मा सोडायचा नाही, कारण तिचा भरवशाचा डोळा एकच आहे. डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना किंवा डोळ्यासमोर पडदा आल्यासारखे ती म्हणाली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवायचे, असे घरी आणि शाळेत दोन्हीकडे लिहून दिले आहे.